मगरीची शेपटी

“मगर केवढी होती म्हणालास?” चंद्राक्कांनी विचारलं तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत काळ्या पिशवीत होते.

“तुमच्या खुर्चीपासनं त्या उंबरापर्यंत,” मी म्हणालो.

“सकाळी तर बैलगाडीएवढी म्हणालास.”

“सकाळी ती लहान होती, अक्का.”

अक्का हसल्या. त्या हसल्या की समोरच्याला वाटायचं, आपण फार मोठं काही केलं. मलाही वाटलं. तिथंच घात झाला.

पिशवी म्हणजे दुहेरी काळ्या कापडाची, दोन बाह्या असलेली. फिल्मला उजेड लागला की ती मेली. म्हणून कॅमेऱ्यातली फिल्म बदलायची ती त्या पिशवीत हात घालून, नुसत्या बोटांनी. मी कोल्हापुरात याकूब मास्तरांचा असिस्टंट होतो. मास्तर आमचे कॅमेरामन. पिशवीचे त्यांचे तीन नियम होते. डाव्या हाताला वापरलेलं रीळ, उजव्या हाताला कोरं. एका वेळी पिशवीत एकच रीळ. आणि तिसरा खास माझ्यासाठी केलेला: “इष्ण्या, हात पिशवीत गेले की तोंडाला कुलूप.”

सहा वर्षं मी पहिले दोन पाळले होते. त्या दिवशी दुसरा मोडला आणि तिसरा तर मोडलेलाच होता. दिवस चालला होता. सूर्य पश्चिमेच्या डोंगरापासून दोन हातांवर आला होता आणि मास्तर ओरडत होते, “आटप रं!” वेळ वाचावा म्हणून मी दोन्ही रिळं एकदम पिशवीत घेतली. वापरलेलं मॅगझिनमधून, म्हणजे कॅमेऱ्यावर बसते त्या फिल्मच्या पेटीतून, काढून डाव्या हातात धरलं. कोरं त्याच्या डब्यातून काढून उजव्या हातात. आणि तोंडानं गोष्ट चालू.

“तर माझा मामा डोक्यावर गुळाची ढेप घेऊन नदी ओलांडतोय. छातीएवढं पाणी. समोर ही बया. तिनं जबडा वासला. असा...”

“आणि मामा?”

“मामानं ढेप उचलली नि घातली तिच्या तोंडात. तिनं जबडा मिटला. ताजा गूळ, अक्का, अजून कोमट. वरचे दात, खालचे दात, सगळे बसले चिकटून!”

अक्कांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. “गुलामा! पुढं?”

“इष्ण्या!” मास्तरांची हाक आली.

“पुढचं मागनं,” मी म्हणालो. उजव्या हातातलं रीळ मॅगझिनमध्ये बसवलं, डाव्या हातातलं डब्यात घातलं, मॅगझिन मास्तरांकडे दिलं आणि डब्याला वापरल्याची लाल चिकटपट्टी लावली. झालं.

त्या दोन रिळांत काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढं माझी पाचावर धारण का बसली ते समजेल.

गावाचं नाव उंबरवणे. खाली नदीवर धरण बांधलं होतं. दसऱ्याला त्याची दारं पहिल्यांदा बंद केली आणि पाणी दिवसाला हातभर अशा चालीनं गावात शिरत होतं. माणसं, गुरं, देवळातले देव, सगळे वर माळावर नव्या वसाहतीत गेले होते. पाण्याबाहेर एकच घर उरलं होतं, सगळ्यांत उंचावरचं, गवतानं शाकारलेलं. मालक जाताना आमच्या दिग्दर्शकांना, रंगदादा शिंत्र्यांना म्हणाला होता, “पान्यात कुजन्यापरास तुमच्या शिनेमात जळू द्या.”

रंगदादांचा सिनेमा त्या घराचाच होता. एक म्हातारी घर सोडायला तयार नसते. शेवटी पाणी अंगणात येतं तेव्हा ती उंबऱ्यावर उभी राहून घराशी बोलते, आणि पाण्याला द्यायचं नाही म्हणून स्वतःच्या हातानं ते पेटवते. बाकीचं शूटिंग आवरलं होतं. उरल्या होत्या ह्याच दोन गोष्टी: म्हातारीचं बोलणं आणि घराचं जळणं.

म्हातारी म्हणजे चंद्राक्का वाठारकर. पन्नास वर्षं त्यांनी तमाशाचा फड गाजवला होता. आता सत्तरी उलटली होती आणि डोकं दगा देऊ लागलं होतं. एखाद्या दिवशी सगळं लख्ख. एखाद्या दिवशी मला विचारायच्या, “बाबा, ही माणसं कुणाच्या लग्नाला आलीत?” दादांनी नऊ दिवस वाट पाहिली. रोज अक्कांना नऊवारी नेसवून उंबऱ्यावर उभं करायचं, रोज चार वाक्यांनंतर त्या थांबायच्या, रोज फिल्म वाया जायची आणि रोज पाणी हातभर चढायचं. दहाव्या दिवशी पाणी अंगणात आलं आणि आमच्याकडे कोऱ्या फिल्मचे दोन डबे उरले. मुंबईहून आणखी यायला आठवडा लागला असता.

त्या दहाव्या दिवशी जेवणानंतर अक्कांनी डुलकी काढली. उठल्या आणि म्हणाल्या, “रंगा, आता घे. आता मला सगळं दिसतंय.”

मग त्या बोलल्या. चार मिनिटं. एकदाही अडखळल्या नाहीत. चुलीशी बोलल्या, आढ्याशी बोलल्या, बाळंतपणाच्या खोलीशी बोलल्या. मास्तरांनी कॅमेरा थांबवला नाही. शेवटचं वाक्य संपलं आणि त्याच क्षणी रीळही संपलं. हे मी वाढवून सांगत नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रंगदादा चिखलातून गेले आणि अक्कांच्या पायांवर डोकं ठेवलं.

अक्का खुर्चीत बसल्या, मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, “मी माझं काम केलं. आता तू तुझं कर. मगरीची गोष्ट सांग.”

म्हणून गोष्ट.

आता घराभोवती चार गडी मशाली घेऊन उभे होते. छपरावर रॉकेल शिंपडून झालं होतं. सूर्य डोंगरावर टेकला की लाल उजेड अंगणातल्या पाण्यावर पडणार होता, आणि त्याच वेळी दादा शिट्टी वाजवणार होते. मास्तर कॅमेऱ्यात डोळा घालून बसले होते. कॅमेरा अजून चालू केला नव्हता.

मी परत अक्कांच्या खुर्चीपाशी आलो.

“जबडा कसा मिटला म्हणालास?” त्यांनी विचारलं.

“असा,” म्हणून मी दोन्ही हात पुढं केले. उघड्यावर. उजवा वर, डावा खाली. जबडा वासला. जबडा मिटला.

आणि माझे हात मला दिसले.

उजवा डाव्यावर आला होता. तळहात तळहाताला भिडला होता. पिशवीत मी हेच केलं होतं. हातवारे केल्याशिवाय मला गोष्ट सांगता येत नाही, पिशवी असो की नसो. म्हणजे आत दोन्ही रिळं एकमेकांवर आली होती. नंतर हात वेगळे झाले, तेव्हा कुठलं रीळ कुठल्या हातात गेलं?

मी आठवायचा प्रयत्न केला. धपाटा आठवला. अक्कांचं हसणं आठवलं. हात आठवले नाहीत.

रिळं सारखी होती. दोन्ही चारशे फुटांची, हजार फुटांच्या एका मोठ्या रिळातून मीच अंधारात कापून गुंडाळलेली. धुतल्याशिवाय वापरलेली फिल्म आणि कोरी फिल्म हाताला सारखीच लागते. डोळ्यांनी बघायची म्हटली तर बघतानाच मरते. मॅगझिनमध्ये चुकून अक्कांचं रीळ गेलं असेल, तर घर जळताना त्याच रिळावर आग चढणार. अक्काही गेल्या आणि घरही गेलं.

मी धावलो. मास्तरांच्या खांद्याला हात लावला.

“मास्तर, आत कुठलं रीळ आहे ते मला माहीत नाही.”

मास्तरांनी डोळा काढला नाही. “आज नगं, इष्ण्या.”

त्यांची चूक नव्हती. मागच्या आठवड्यात मी सगळ्या युनिटला सांगितलं होतं की फिल्मचा एक डबा घोरपडीनं पळवला. दादा अर्धा तास झुडपं धुंडाळत होते.

“मास्तर, खरंच माहीत नाही.”

तेव्हा त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

“पुन्यांदा सांग.”

“रिळं बदलली असतील, मला माहीत नाही.”

मास्तरांचा चेहरा उतरला. “एका वाक्यात बोलतुयास म्हंजे खरंच हाय,” ते म्हणाले. मग उठून दोन्ही हात वर करून ओरडले, “रंगदादा! शिट्टी वाजवू नका!”

दादा आले. मी त्यांना सांगितलं. दोन रिळं, जबडा, सगळं. मला वाटलं होतं ते मारतील. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. ते कॅमेऱ्याच्या पेटीवर बसले आणि अंगणातल्या पाण्याकडे बघत राहिले.

“दोन्ही रिळं तशीच मुंबईला पाठवू,” मास्तर म्हणाले. “अक्कांचं काम तरी वाचंल.”

“आणि घर?” दादांनी विचारलं.

मास्तरांनी घराकडे पाहिलं.

“उद्या सकाळी पाणी ओटीवर येईल, मास्तर. परवा आत. भिजलेलं घर कोण पेटवणार? आणि घर पेटलं नाही तर ती बाई एवढं बोलली ते कशासाठी?”

“मग हाय तसंच घ्यावं. निम्मं-निम्मं हाय. बरोबर असंल तर दोन्ही मिळंल.”

“आणि नसलं तर?”

सूर्य एक हातावर आला होता. मशालीवाले तिकडून विचारत होते, “काय व्हो, पेटवायचं का नाय?” मी मान खाली घालून उभा होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला सांगायला काही सुचत नव्हतं.

“रंगा,” खुर्चीतून आवाज आला, “ह्याला परत सांगू दे.”

अक्का उठून आमच्याकडे येत होत्या. पदर कमरेला खोचलेला.

“काय सांगू दे?”

“मगरीची गोष्ट. जशीच्या तशी. पिशवीत हात घालून. तोंड चाललं की ह्याचे हात आपोआप चालतात. नाचणारणीचे पाय कसे ढोलकीवर चालतात, तसे. डोक्याला विचारू नकोस, हातांना विचार.”

दादांनी अक्कांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“अक्का, हा एक गोष्ट दोनदा सारखी सांगत नाही. त्याच्या आईनं सांगितलंय मला.”

“माहीत आहे. म्हणून तर मी बसते समोर. चुकला की मी सांगीन. आज मला सगळं दिसतंय म्हटलं ना?”

मास्तर तोवर जेवणाचं गाठोडं सोडत होते. त्यात उरलेल्या दोन भाकरी होत्या, एक जोंधळ्याची, एक नाचणीची. त्यांनी पिशवी माझ्यासमोर टाकली आणि भाकरी आत सारल्या. “जोंधळ्याची पांढरी ती कोरी फिल्म. उजव्या हातात धर. नाचणीची काळी ती अक्कांची. डाव्या हातात. सांग आता.”

हसू नका. हसायचं मला तेव्हाही कळत होतं, पण माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता.

मी हात पिशवीत घातले. भाकरी धरल्या.

“माझा मामा... गुळाची ढेप घेऊन...”

“डोक्यावर,” अक्का म्हणाल्या.

“डोक्यावर गुळाची ढेप घेऊन नदी ओलांडतोय. छातीएवढं पाणी.”

“आवाज कुठं गेला तुझा? मघाशी असा रडत सांगत होतास का?”

मी खाकरलो. “समोर ही बया! तिनं जबडा वासला. असा. मामानं ढेप उचलली नि घातली तिच्या तोंडात. तिनं जबडा मिटला.”

पिशवीत भाकरीवर भाकरी आली. उजवा हात वर, डावा खाली.

“ताजा गूळ, अक्का. अजून कोमट. वरचे दात, खालचे दात, सगळे बसले चिकटून.”

अक्कांनी धपाटा घातला. मोजून तसाच. “गुलामा! पुढं?”

आणि पुढं काही नव्हतं. मघाशी इथंच मास्तरांची हाक आली होती. हात एकमेकांवर तसेच होते. ते सरळ वेगळे झाले होते, की काही करून वेगळे झाले होते? मी डोळे मिटले. काळोख. पिशवीतला आणि डोक्यातला एकच.

“मग...” मी म्हणालो. “मग...”

“सूर्य टेकला, दादा,” मास्तर हळूच म्हणाले.

“मग मी...”

“शेपटी!” अक्का ओरडल्या. “अरे शेपटी विसरलास! दात चिकटले म्हणताना मगरीनं शेपटी फिरवली नाही का? पाण्यात भोवरा उठला म्हणालास. मी मारलं तेव्हाच म्हणालास.”

शेपटी. मी शेपटी फिरवली. म्हणजे काय केलं? दोन्ही हात तसेच एकमेकांवर ठेवून मनगटं उलटी केली, झोकात. वरचं खाली गेलं आणि खालचं वर. भाकरी सरकल्या, हात सुटले, ज्याला जी मिळाली ती घेऊन.

“हात बाहेर काढ,” मास्तर म्हणाले.

मी काढले. उजव्या हातात नाचणीची भाकरी होती. काळी.

उजव्या हातातलं मी मॅगझिनमध्ये भरलं होतं. म्हणजे कॅमेऱ्यावर अक्का होत्या, आणि लाल पट्टीच्या डब्यात कोरी फिल्म.

रंगदादा उभे राहिले. “थापाड्याचे हात,” ते म्हणाले, “आणि...” पुढचं त्यांनी गिळलं.

“आणि विसरभोळ्या म्हातारीची आठवण,” अक्कांनी वाक्य पुरं केलं. “म्हण की. लाजतोस कशाला? तुझ्याकडे ह्याहून चांगलं काही असेल तर तसं कर.”

दादांनी डोंगराकडे पाहिलं. सूर्याची खालची कड तुटली होती.

“बदल,” ते मला म्हणाले.

मी रिळं बदलली. ह्या वेळी एकेक. पिशवीत एक रीळ, आतच डबा बंद, बाहेर काढून पट्टी, मग दुसरं. तोंडातून अक्षर काढलं नाही. मास्तर शेजारी उभे राहून माझ्या ओठांवर नजर ठेवून होते.

शिट्टी वाजली.

आग कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. पाण्यातली आग मी तेव्हाच पाहिली. छपरानं एकदम पेट घेतला आणि अंगणातलं पाणीही पेटल्यासारखं दिसायला लागलं. एक घर वर जळत होतं, एक खाली उलटं. वारा फिरला आणि ठिणग्या आमच्यावर आल्या. मास्तरांच्या बाहीवर एक पडली. त्यांनी हात हलवला नाही, मीच चिमटीत पकडून विझवली. आढं कोसळलं तेव्हा पाण्याला फेस आला. कॅमेरा करकरत होता आणि त्याच्या आत काय फिरतंय हे जगात कुणालाच माहीत नव्हतं.

रीळ संपलं. सूर्य गेला. घर नव्हतं.

जीपमधून परत येताना मी मागं अक्कांच्या शेजारी बसलो होतो. संधिप्रकाश होता अजून. दोन्ही डबे माझ्या मांडीवर. मी त्यांचे पाय शिवायला वाकलो.

“अक्का, तुम्हाला शेपटी आठवली म्हणून. नाहीतर आज मी मेलो असतो.”

त्यांनी पुढं बसलेल्या दादांकडे पाहिलं आणि तोंड माझ्या कानाशी आणलं.

“मला कसली शेपटी आठवतेय, लेका.”

मांडीवरून घसरणारा डबा मी सावरला.

“तू अडखळलास. समोरचा अडखळला की आपण वाक्य टाकायचं. फडात आम्ही तेच करायचो. कुठलंही टाकायचं, पण दणक्यात टाकायचं, म्हणजे पुढचा वग चालतो. तू गप्प, रंगा गप्प, सूर्य चाललेला. कुणीतरी काहीतरी बोलायला नको?”

“म्हणजे मी शेपटी सांगितलीच नव्हती?”

“सांगितली असशील. नसशील. मला काय माहीत?” आणि त्या बाहेर बघू लागल्या. “धरण चांगलं भरतंय, नाही?”

त्यानंतरचे नऊ दिवस मी कसे काढले ते विचारू नका. डबे मुंबईला लॅबमध्ये गेले. रंगदादा निर्धास्त होते. मास्तर निर्धास्त होते. जो भेटेल त्याला भाकरीची गोष्ट सांगत होते, “आमच्या इष्ण्याचे हात बघा, आणि अक्कांची याददाश्त!” मला मात्र माहीत होतं की शेपटी कदाचित कधी फिरलीच नव्हती. कदाचित पहिल्यांदा भरलं होतं तेच बरोबर होतं, आणि अक्कांचं ऐकून मीच माझ्या हातानं त्यांच्यावर आग चढवली होती. कुणाला सांगू? दादांना सांगितलं तर ते नऊ दिवस मरतील. मग मी एकट्यानं मेलेलं बरं. मी भाकरी खाणं सोडलं. बायकोनं विचारलं तर म्हणालो, पोट बिघडलंय. तिनंही विश्वास ठेवला नाही, पण कारण वेगळं शोधलं.

दहाव्या दिवशी धुतलेल्या फिल्मच्या प्रती आल्या. सकाळी नऊला, पहिल्या खेळाच्या आधी, कोल्हापुरातल्या थिएटरात आम्ही बसलो. अक्कांना आणलं होतं. त्यांचा दिवस वाईट होता. मला बघून म्हणाल्या, “तिकिटं काढलीस का, बाबा?”

दिवे गेले. पडदा पांढरा झाला. ओरखडे, ठिपके. आणि अक्का.

उंबऱ्यावर उभ्या अक्का. त्या काळी अशा कच्च्या प्रतीला आवाज नसायचा. नुसतं तोंड हलत होतं, तरी सगळं ऐकू येत होतं. मी ऐकत नव्हतो. मी ज्वाळा शोधत होतो. त्यांच्या कपाळावर, पदरावर, मागच्या भिंतीवर. एक मिनिट. दोन. तिसऱ्या मिनिटाला त्यांच्या गालाजवळ काहीतरी लखलखलं, हललं, वर चढलं. मी पुढच्या खुर्चीची पाठ इतक्या जोरात धरली की माझं नख उलटलं.

“काय रं?” मास्तर कुजबुजले.

“आग...”

“पानी हाय ते, येड्या. अंगनातल्या पान्याची चमक. मुद्दाम घेतलीया मी.”

चमक गालावरून गेली. अक्का बोलत राहिल्या. शेवटपर्यंत, स्वच्छ.

मग दुसरं रीळ. घर. आग वर आणि आग खाली. मी आता त्या आगीत चेहरा शोधत होतो. चेहरा नव्हता. फक्त घर होतं आणि ते जळत होतं.

दिवे लागले. रंगदादा उठले नाहीत, रुमालात तोंड घालून बसले. मास्तरांनी माझ्या मानेवर हात ठेवून मला इतकं हलवलं की दात वाजले. आणि मी हिशेब जुळवत होतो. बदलल्यावर बरोबर निघालं, म्हणजे आधी चुकलं होतं. म्हणजे पिशवीत रिळं उलटली होती. म्हणजे शेपटी फिरली होती. मग मी ती पहिल्या वेळी सांगितली होती का? आणि सांगितली असेल, तर जीपमध्ये अक्का मला ते काय सांगत होत्या?

विचारायला वळलो. अक्का पडद्याकडे बोट दाखवत होत्या.

“कोण रे ती म्हातारी? बरी बोलत होती.”

“आहे एक,” मी म्हणालो.

“फडातली दिसते.” त्यांनी मान डोलावली. मग माझ्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच बघावं तसं. “तू तो मगरवाला ना? पुढं काय झालं?”

थिएटरचा डोअरकीपर आम्हाला बाहेर काढायला उभा होता. मी अक्कांच्या पुढच्या खुर्चीवर उलटा बसलो आणि सांगायला लागलो. मामा, गुळाची ढेप, छातीएवढं पाणी. जबडा वासला. जबडा मिटला. वरचे दात, खालचे दात. मुद्दामच तिथं थांबलो. हात एकमेकांवर तसेच ठेवले आणि गप्प राहिलो.

अक्का माझ्या हातांकडे बघत होत्या.

“अरे,” त्या म्हणाल्या, “शेपटी!”